अर्ली डिसिजन करायचं, पण फायनान्शियल एडही हवी: सही करण्याआधी काय बघावं?

अनुजा_जर्सी

नमस्कार. लेक यंदा बारावीत आहे आणि घरात सध्या दुसरा विषय नाही. उन्हाळ्यात मेन राज्यातलं एक छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज बघून आलो, तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच. नाव लिहीत नाही, कारण ती इथे अधूनमधून डोकावते. तिला तिथे अर्ली डिसिजनने (ईडी, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं बंधन) अर्ज करायचाय. मुदत १५ नोव्हेंबर. शाळेच्या काउन्सेलर म्हणतात, तिच्यासारख्या मुलीला ईडीने नक्की फरक पडेल.

अडचण पैशाची आहे. तिथला वर्षाचा एकूण खर्च ९० हजार डॉलरच्या वर जातो. आमचं दोघांचं मिळून उत्पन्न १ लाख ६८ हजार. नवरा विमा कंपनीत डेटाबेस सांभाळतो, मी आठवड्यातले तीन दिवस डेंटिस्टकडे फ्रंट डेस्कला असते. आकडा ऐकायला बरा वाटतो, पण न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स भरणारे समजून घेतील. ५२९ मध्ये (कॉलेजसाठीचं बचत खातं) ४१ हजार आहेत. घर २०१२ मध्ये घेतलं. आज ६ लाख ४० हजारांना जाईल म्हणतात, कर्ज २ लाख १० हजार उरलंय. धाकटा दहावीत. शिवाय पुण्यात सासऱ्यांनी आमच्या नावावर केलेला एक फ्लॅट आहे. त्याच्या भाड्यातून सासूबाईंच्या नर्सचा पगार जातो, आमच्या हातात त्यातलं काही येत नाही.

ओढूनताणून वर्षाला ४० हजार आम्ही देऊ शकतो. त्याच्या वर नाही.

नवऱ्याचं म्हणणं, अर्जात ‘एड हवी आहे का’ या प्रश्नाला सरळ ‘नाही’ म्हणायचं म्हणजे प्रवेश सोपा होईल, आणि एकदा आत गेली की मग मागू. मला हे पटत नाहीये, पण खोडून काढता येईल एवढी माहितीही नाही. दुसरं म्हणजे, एड मागून अर्ज केला, प्रवेश मिळाला आणि पैसे कमी दिले, तर खरंच बाहेर पडता येतं का? की मुलीचं नाव काळ्या यादीत जातं? एक मैत्रीण म्हणते बिनधास्त कर, दुसरी म्हणते घर विकावं लागेल. आम्ही दोघं ग्रीन कार्डवर, लेक इथे जन्मलेली.

खडूस_काका

पैसे लागणार असतील तर ईडी करू नये. विषय संपला.

भाजी पिशवीत टाकून झाल्यावर भाव विचारण्यातला प्रकार आहे हा. तुम्ही येणारच हे त्यांना आधी कळलं, मग ते जास्त कशाला देतील? आमची दोन्ही मुलं रटगर्सला, म्हणजे न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात, गेली. तिथे ईडी नाहीच. अर्ली अ‍ॅक्शन, १ नोव्हेंबर, बंधन शून्य. दोघांनाही नोकऱ्या आहेत आणि डोक्यावर कर्ज नाही. मेनमध्ये बर्फाशिवाय काय आहे ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

मंदाआत्या

काकांचा सल्ला वाईट नाही, पण तो सगळ्यांना सारखा लागू होत नाही. मी ओहायोत एका लहान खाजगी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसमध्ये नोकरी केली, आता निवृत्त आहे. टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगते. लांबेल, चहा घेऊन बस.

आधी तुझ्या नवऱ्याची युक्ती. ती डोक्यातून काढून टाका. ईडीच्या करारातून पैशाच्या कारणाने सुटायची जी एक वाट आहे, ती फक्त एड मागितलेल्यांसाठी आहे. कॉमन अ‍ॅपच्या (अनेक कॉलेजांना चालणारा सामाईक अर्ज) ज्या करारावर विद्यार्थी, पालक आणि काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या होतात, त्याचा अर्थ असा: एडसाठी अर्ज केलेल्या मुलाला शिकणं शक्य होईल एवढी मदत मिळाली नाही, तर तो प्रवेश नाकारू शकतो आणि करारातून मोकळा होतो. तुम्ही ‘एड नको’ म्हणालात तर ही वाट तुम्ही स्वतःच्या हाताने बुजवली. डिसेंबरात प्रवेशपत्र येईल, सोबत ९० हजारांचं बिल, आणि त्यावर बोलायला तोंड नाही. शिवाय ‘आत गेल्यावर मागू’ हे प्रत्येक ठिकाणी चालत नाही. पहिल्या वर्षी एड मागितली नाही तर पुढे घरची परिस्थिती खरोखर बदलल्याशिवाय अर्जच घेत नाहीत, अशी कॉलेजं आहेत.

एड मागितल्याने प्रवेशावर परिणाम होतो का, हे त्या कॉलेजवर ठरतं. नीड-ब्लाइंड असेल तर प्रवेश ठरवणाऱ्यांच्या समोर तुमचं उत्पन्न येत नाही. नीड-अवेअर असेल तर येतं, निदान काठावरच्या अर्जांच्या वेळी तरी येतं. त्यांच्या वेबसाइटवर हे स्पष्ट लिहिलेलं असतं. त्याच पानावर दुसरी एक गोष्ट शोध: ‘पूर्ण गरज भागवतो’ असं ते म्हणतात का? हे वाक्य नसेल तर तुमच्यासारख्यांनी ईडीकडे बघूही नये, तिथे मी काकांच्या बाजूने. असेल तर बोलण्यात अर्थ आहे. पण ‘गरज’ किती हे तू नाही ठरवत, ते ठरवतात. ओढूनताणून ४० हजार हा तुझा हिशेब झाला, त्यांच्या फॉर्म्युल्याला ती ओढाताण दिसत नाही.

म्हणून आकडा आज काढायचा, डिसेंबरात नाही. २००८ च्या कायद्यामुळे २०११ च्या ऑक्टोबरपासून प्रत्येक कॉलेजला स्वतःच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (तुमच्या वाट्याला किती खर्च येईल याचा अंदाज देणारा) ठेवावा लागतो. काही कॉलेजांकडे मायइनट्यूशन नावाचा छोटा कॅल्क्युलेटरही असतो. वेल्सली कॉलेजातल्या एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी तो बनवला. तो झटपट होतो, पण तुमच्या घरासाठी पुरेसा नाही. लांबलचक असेल तोच भर, आणि २०२४ चा टॅक्स रिटर्न हातात धरून भर, अंदाजाने नाही. २०२६ च्या प्रवेशाला तेच वर्ष धरतात.

आता तुमच्या घरातल्या अवघड जागा.

पहिली जागा तुमचं राहतं घर. फॅफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा फॉर्म, राहत्या घराकडे बघत नाही. पण अशी खाजगी कॉलेजं बहुतेक सीएसएस प्रोफाइल नावाचा दुसरा, जास्त खोलात जाणारा फॉर्मही मागतात आणि तिथे घराची किंमत आणि उरलेलं कर्ज विचारतात. तुमची इक्विटी ४ लाख ३० हजार. पालकांच्या मालमत्तेतून वर्षाला वरच्या टोकाला साधारण ५ टक्के ‘देता येतील’ असं धरलं, आणि कॉलेजने इक्विटी पूर्ण मोजली, तर नुसत्या घरापोटी २१,५०० डॉलर तुमच्या नावावर चढतात. दरवर्षी. म्हणजे तुझ्या ४० हजारांतला अर्ध्याहून मोठा भाग त्या भिंतींनीच खाल्ला. सगळी कॉलेजं असं करत नाहीत. काही जण उत्पन्नाच्या ठरावीक पटीपर्यंतच इक्विटी धरतात. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन ती धरतच नाहीत, पण त्यांच्याकडे ईडी नाही. पेनकडे (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ) ईडी आहे आणि त्यांनी २०२५-२६ पासून राहत्या घराची इक्विटी हिशेबातून काढली. तुमच्या कॉलेजचं धोरण काय, हा एक प्रश्न फोन करून विचारलास तरी रात्रीची झोप लागेल किंवा उडेल, पण काहीतरी एक होईल.

दुसरी जागा पुण्याचा फ्लॅट. आपल्या लोकांचा यावर ठाम समज असतो की तिकडचं इकडे कोणाला कळतं! अगं, ग्रीन कार्डवाल्याला जगभरच्या उत्पन्नावर इथे कर भरावा लागतो. म्हणजे ते भाडं तुमच्या रिटर्नच्या शेड्यूल ई मध्ये (भाड्याच्या उत्पन्नाचा भाग) आहे, निदान असायला हवं. कॉलेज आयडॉकवर (कागद चढवायची वेबसाइट) रिटर्नची पूर्ण प्रत मागतं. तिथे भाडं दिसतंय आणि मालमत्तेच्या रकान्यात शून्य, असं प्रकरण टेबलावर आलं की आम्ही पहिलं पत्र तेच पाठवायचो. फ्लॅट लिहायचाच, फॅफ्सातही आणि सीएसएसमध्येही. राहतं घर सोडून बाकी सगळ्या जागा गुंतवणूक म्हणून जातात, मग त्या कोथरूडला असोत की क्लीव्हलंडला. भाडं सासूबाईंच्या नर्सला जातं हे सीएसएस प्रोफाइलमध्ये खास परिस्थितीची जागा असते तिथे लिही. दरमहा किती, कधीपासून, पावत्या आहेत. रडगाणं नको, चार ओळी आणि आकडे. मानतील की नाही हे त्या ऑफिसवर आहे. मी माझ्या हाताने असे खर्च मानलेही आहेत आणि नाकारलेही आहेत.

५२९ ची चिंता करू नको, तुमच्या नावावर असेल तर तो पालकांच्या मालमत्तेत जातो आणि त्याचा भार कमी. लेकीच्या स्वतःच्या नावावर बचत खातं असेल तर ते जास्त खातं, फॅफ्सात २० टक्के. ४०१-के मधली (निवृत्तीची बचत) शिल्लक सहसा मोजत नाहीत. धाकट्याचं म्हणशील तर २०२८ पासून दोन वर्षं दोघं एकदम कॉलेजात असतील. फॅफ्साने दोन मुलांची सवलत २०२४-२५ पासून काढून टाकली. सीएसएसवाली बरीच कॉलेजं अजून देतात. हाही प्रश्न त्याच फोनमध्ये विचार.

आणि फोन कर म्हणते आहे तो अ‍ॅडमिशन ऑफिसला नाही, फायनान्शियल एड ऑफिसला. ‘ईडीचा विचार आहे, कागद आधी पाठवले तर अंदाज लेखी द्याल का?’ एवढंच विचारायचं. काही छोटी कॉलेजं असा अंदाज आनंदाने देतात, कारण डिसेंबरात रडणारे पालक आम्हालाही नको असायचे.

काळी यादी? असली यादी मी नोकरीत कधी बघितली नाही. ईडीवाल्यांची माहिती कॉलेजं एकमेकांना देतात का, यावर २०१८ मध्ये इथल्या न्याय खात्याने चौकशी सुरू केली होती, तेव्हापासून तर सगळे आणखी जपून असतात. पैसे पुरत नाहीत म्हणून कोणी कोर्टातही खेचत नाही. पण सही काउन्सेलरचीही असते. तुम्ही सगळं नीट भरलंत, आकडा आधी बघितलात, तरी पॅकेज कमी आलं, तर ती तुमच्या बाजूने उभी राहील. कॅल्क्युलेटर उघडलाच नाही आणि नंतर ‘परवडत नाही’ म्हणालात तर तिलाही पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी त्याच कॉलेजला तोंड दाखवायचं असतं.

काउन्सेलर ईडीने शक्यता वाढते म्हणतात ते खरं आहे. काही कॉलेजं निम्म्याहून जास्त वर्ग ईडीतून भरतात. पण त्या रांगेत निवडून ठेवलेले खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलंही असतात, त्यामुळे छापील टक्केवारी जेवढी दिसते तेवढी तुझ्या लेकीची नाही. ही पद्धत पैसेवाल्यांना झुकतं माप देते हे आतले लोकही जाणतात. २००६ मध्ये हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठाने लवकरचे प्रवेश याच कारणाने बंद केले होते. बाकीचे फारसे कोणी मागे आले नाहीत, आणि २०११ मध्ये तिघांनीही काही ना काही स्वरूपात ते पुन्हा सुरू केले. प्रिन्स्टनने मात्र बांधून घेणारं ईडी परत आणलं नाही, एवढं त्यांना द्यायला हवं.

रांगेतला_बाबा

मंदाआत्या, मध्येच घुसतो. आम्ही एच-वन-बीवर (नोकरीचा व्हिसा), मुलगा एच-फोरवर (आमच्यावर अवलंबून असलेल्याचा व्हिसा), ग्रीन कार्डच्या रांगेत. तो इथे दुसरीपासून शिकलाय, टेक्ससच्या पब्लिक स्कूलमध्ये. आमच्यासाठी ईडीचा हिशेब वेगळा का?

मंदाआत्या

वेगळा, आणि कडू. एच-फोरवरच्या मुलाला फेडरल मदत मिळत नाही. अर्ज वाचताना काही कॉलेजं त्याला टेक्ससचा मुलगा म्हणूनच वाचतात, पण पैशाच्या वेळी बरीच खाजगी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांच्या खात्यात टाकतात, आणि ते खातं जवळपास सगळीकडे नीड-अवेअर असतं. परदेशी मुलांनाही नीड-ब्लाइंड असणारी आणि गरज पूर्ण भागवणारी मोजकी आहेत, जशी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, आणि अलीकडे ब्राउन आणि नोट्र डेम. यांतल्या अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन आणि ब्राउनकडे ईडी आहे. प्रत्येकाला ‘एच-फोर, अमेरिकेतलं हायस्कूल’ असे शब्द वापरून ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं उत्तर फोनवरच राहतं.

लाँड्रीवाला

मी इथला बहुधा सर्वात लहान मेंबर, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. ईडीतून पैशामुळे बाहेर पडलेला एक नमुना हवा असेल तर हजर.

आईबाबांचं इलिनॉयमध्ये लाँड्रोमॅट आहे. कॅल्क्युलेटरने आम्हाला २४ हजार सांगितले होते. डिसेंबरच्या मधल्या आठवड्यात प्रवेश मिळाला, आईने शिरा केला, आजीला भारतात फोन गेला. पॅकेजमध्ये आमचा वाटा निघाला ३९ हजार. कारण काय, तर वॉशिंग मशिनांचा घसारा. टॅक्समध्ये बाबा तो खर्च दाखवतात, कॉलेज म्हणालं हा खर्च खिशातून जात नाही, आणि ती रक्कम उत्पन्नात परत मिळवली. कॅल्क्युलेटरने घसाऱ्याबद्दल विचारलंच नव्हतं. ज्यांच्या घरी धंदा आहे त्यांनी त्या आकड्यावर विसंबू नका. घटस्फोटित पालकांच्या मुलांचंही असंच होतं, माझ्या रूममेटचं झालं होतं.

आम्ही अपील केलं. कर्जाने घेतलेल्या मशिनांचे हप्ते दाखवले. ३४ हजारांवर आले, पुढे हलेनात. मग बाबांनी पत्र लिहिलं की हे आम्हाला शक्य नाही, मुलाला मोकळं करा. दोन ओळींचं उत्तर आलं: मोकळं केलंय, शुभेच्छा. कोणी ओरडलं नाही. काउन्सेलरने फक्त विचारलं की बाकीचे अर्ज तयार आहेत ना?

आणि ते तयार होते, हाच मुद्दा सांगायला लिहितोय. सगळं नाताळच्या सुट्टीत घडतं. ऑफिसं बंद, शाळा बंद, आणि रेग्युलरच्या (बंधन नसलेल्या नेहमीच्या प्रवेशाच्या) मुदती १ जानेवारीपासून सुरू. ईडीचा निकाल लागेपर्यंत बाकीचे निबंध लिहायचे नाहीत असं माझे अर्धे मित्र करत होते. मी त्यांच्यात असतो तर त्या वर्षी हातात काही उरलं नसतं. एड मागितली असेल तर पॅकेज हातात येईपर्यंत बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागत नाहीत, हे त्याच करारात लिहिलंय. बऱ्याच मुलांना माहीत नसतं. प्रवेशाची बातमी आली की आनंदात सगळीकडे ‘विथड्रॉ’ दाबून मोकळे.

शेवटी मी स्टेट युनिव्हर्सिटीत आहे आणि मजेत आहे. पण तो शिरा आईने परत केला नाही बरं का.

खडूस_काका

बघा, स्टेट युनिव्हर्सिटी.

अनुजा_जर्सी

सगळ्यांचे आभार. मंदाआत्या, तुमचं उत्तर छापून फ्रिजवर लावलंय. नवऱ्याने वाचलं आणि ‘एड नको’ची योजना गुपचूप मागे घेतली.

शनिवारी रिटर्न घेऊन तिघं बसलो. कॉलेजचा मोठा कॅल्क्युलेटर भरला. फ्लॅट न लिहिता आमचा वाटा ४३ हजार आला. फ्लॅटची किंमत साधारण १ लाख डॉलर टाकली, तर ४८ हजार. एका ओळीने वर्षाला पाच हजार. एड ऑफिसला फोन केला. बाई फार चांगल्या बोलल्या. घराची इक्विटी ते उत्पन्नाच्या पटीतच धरतात आणि कॅल्क्युलेटरमध्ये ते आधीच आहे. दोन मुलं एकदम असताना आकडा कमी होतो. सासूबाईंच्या नर्सचे कागद पाठवा, बघू, पण शब्द देत नाही. लेखी अंदाज द्यायला मात्र तयार आहेत, कागद लगेच पाठवले तर मुदतीच्या आधी.

नवरा म्हणतो, आठ हजारांचा फरक आहे, पेरेंट प्लस लोन (पालकांना मिळणारं सरकारी कर्ज) काढू. लेक त्या वेळी काहीच बोलली नाही, त्याचंच मला जास्त वाटलं.

मंदाआत्या

आठ हजार हा पहिल्या वर्षाचा फरक. खर्च दरवर्षी वाढतो, तुमचे पगारही वाढतील आणि त्याबरोबर तुमचा वाटाही, कारण एडचा अर्ज दरवर्षी नव्याने करायचा असतो. पेरेंट प्लसला १ जुलै २०२६ पासून नवी मर्यादा आहे: एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजार. तुमची रक्कम त्यात बसते, पण ते कर्ज लेकीच्या नाही, पालकाच्या नावावर असतं, आणि दोन वर्षांनी धाकटा दारात उभा असणार. त्याच्या वेळी काय काढणार?

लेकीच्या नावावर फेडरल डायरेक्ट लोन पहिल्या वर्षी ५,५०० पर्यंत मिळतं, आणि सुट्टीत काम करून तीही थोडे आणेल. पण आधी नीट बघा, कॉलेजने ते कर्ज आणि कॅम्पसवरचं काम पॅकेजमध्ये आधीच धरलंय का. धरलं असेल तर ते दुसऱ्यांदा मोजता येत नाही. ४८ हजार वेगळे आणि कर्जाशिवायचे ४८ हजार वेगळे. पत्रात ग्रँट (परत न करायची मदत), लोन आणि वर्क-स्टडी (कॅम्पसवरचं काम) हे तीन रकाने रंगीत पेनने वेगळे करा आणि फक्त ग्रँटची बेरीज करा.

माझं मत विचारशील तर तिघांनी मिळून एक आकडा आजच कागदावर लिहा. लेखी अंदाज त्याच्या आत आला तर १५ नोव्हेंबरला निश्चिंत मनाने सही करा आणि मग डिसेंबरात दुसरीकडे जास्त मिळालं असतं का हा विचार करू नका, कारण तुलना करायचा हक्क तुम्ही दिलेला असतो. आकडा बाहेर गेला तर तिथेच रेग्युलरने अर्ज करा. काही लोक सांगतील की मग जानेवारीतलं ईडी टू (ईडीचीच दुसरी फेरी) करा. त्यात विचार करायला वेळ मिळतो, पण चार पत्रं समोर ठेवून निवडणं त्यातही नाहीच.

लेक गप्प बसली ते बरं लक्षण आहे की वाईट, हे तू तिची आई आहेस, तुलाच कळणार. पण आकडा ठरवताना तिला खोलीत ठेव.

अनुजा_जर्सी

ठेवलं. आकडा तिनेच लिहिला: ४५. आमचे ४० आणि उरलेले तिच्या कर्जातून आणि उन्हाळ्याच्या कामातून. अंदाज त्याच्या वर आला तर रेग्युलर, असं तिने स्वतः म्हटलं आणि दार लावून घेतलं. रटगर्सचा अर्ली अ‍ॅक्शन अर्ज १ नोव्हेंबरच्या आत जातोच आहे. काका, खूश?

एक तांत्रिक शंका राहिली. फ्लॅटची किंमत रुपयांतून डॉलरमध्ये करताना दर कुठल्या तारखेचा घ्यायचा? आणि किंमत कोणती, शेजारचा फ्लॅट गेला ती, की एजंट सांगतो ती? दोघांत वीस लाखांचा फरक आहे.

खडूस_काका

खूश.

मंदाआत्या

फॉर्मवर सही कराल त्या दिवसाच्या आसपासचा दर. तो कुठून घेतला त्याचा स्क्रीनशॉट ठेव. किंमत आज विकला तर खरोखर येईल ती, म्हणजे शेजारचा जितक्याला गेला त्याच्या जवळपासची. एजंटचं स्वप्न लिहू नको आणि कागदावरची जुनी किंमतही नको. फॅफ्सा आणि सीएसएसमध्ये एकच आकडा टाक, दोन वेगळे दिसले की पत्र येतं.

आणि हे आधी विचारायचं राहिलं. फ्लॅट ‘आमच्या नावावर केलेला’ म्हणालीस, पण इंडेक्स-टूवर (फ्लॅटच्या नोंदणीचा उतारा) सासूबाईंचं नाव अजून आहे का? असेल तर पूर्ण किंमत लिहायची नाही, फक्त तुमचा हिस्सा लिहायचा. दीरजाऊ असतील आणि त्यांचाही हक्क कागदावर असेल तर तोही वजा. आज रात्री पुण्याला फोन करून इंडेक्स-टूचा फोटो मागव आणि नर्सच्या पावत्यांबरोबर तोही एड ऑफिसला पाठवून दे.